दुरुस्त केलेला कठडा

रकाना ४. इजा झालेल्या व्यक्तीचा व्यवसाय

"गृहिणी कुणी लिहिलं इथे?" आक्काने विचारलं.

ती पडली त्या इमारतीच्या विमा कंपनीच्या माणसाने परवा फॉर्म बराचसा स्वतःच भरून आणला होता, तुम्हाला कशाला त्रास म्हणून. आता तो फॉर्म लाकूडकामाच्या कारखान्यातल्या लांब बाकावर पडला होता. एका बाजूला सरसाचं भांडं, दुसऱ्या बाजूला पक्कड आणि भोवती घरातली सगळी मंडळी. वर राहत्या खोल्यांत जेवणाचं टेबल होतं, पण त्याचा एक पाय चार महिन्यांपूर्वी दुरुस्तीला काढला होता. गिऱ्हाइकांच्या कामापुढे त्याचा नंबर काही लागत नव्हता.

"पस्तीस वर्षं वेत विणतेय मी," आक्का म्हणाली. "या गावात बसायच्या लायकीची जी खुर्ची आहे ना, तिच्यावर बसणाऱ्याच्या बुडाखाली माझा हात आहे."

"कोर्टात असं बोलू नकोस," धाकटा भाऊ म्हणाला. "जज्ज दचकून उभा राहील."

त्याला सगळे खिळा म्हणत. अंगाने तसाच, आणि एकदा विषयात घुसला की उपटता यायचा नाही.

"कोर्टाचं कुणी ठरवलंय?" दादा म्हणाला. तो दोघांच्या मधला. बाबा गेल्यापासून कारखाना त्याच्या नावावर होता, आणि त्याच्या डोक्यावरही. "पाचपर्यंत सही करून ठेवा म्हणालाय तो. सही करायची, हॉस्पिटलचा खर्च घ्यायचा, विषय संपवायचा. आक्का, खरंच सांगतो, तुझ्याच भल्यासाठी."

"माझ्या भल्याचं तू बोलायला लागलास की मला भीती वाटते."

तिने उजवा हात बाकावर ठेवला आणि मूठ वळली. अंगठा आला, दोन बोटं आली. अनामिका आणि करंगळी सरळच राहिली. हे ती दिवसातून बऱ्याच वेळा करून बघे. वेताची पट्टी ताणून धरतात ती याच दोन बोटांनी. बाकीची बोटं नुसती वाट दाखवतात.

"सही करायची तर मी करेन," ती म्हणाली. "पण आधी तिला वाचू दे."

"तिला बोलावलंस तू?" दादाने विचारलं.

"फुकटात वकील दुसरी कोण मिळणार?"

रकाना ५. नातेसंबंध

सहा वर्षांपूर्वी दादाचा संसार सोडून वहिनी या दारातून दोन पेट्या घेऊन बाहेर पडली होती, आणि एक पेटी खिळ्यानेच उचलून दिली होती. आज ती आली तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. तिने सवयीने खालून पायाने ढकललं, तसं ते उघडलं. दुसऱ्यांची दारं नीट करणाऱ्यांचं स्वतःचं दार अजून तसंच होतं. तिला हसू आलं, ते तिने बाहेरच आवरलं.

"सूनबाई, स्टुलावर बसू नकोस, ओला रंग आहे," आई म्हणाली.

"आई, ती आता सून नाहीये," दादा म्हणाला.

"कागदावर नसेल. तो कागद करताना मला कुणी विचारलं नव्हतं."

वहिनी उभीच राहिली. तिने फॉर्म वाचला, मग त्याला टाचलेला दुसरा कागद वाचला. मग दुसरा कागद पुन्हा पहिल्यापासून.

"हे समजून सांगितलं का त्याने?"

"खर्च देतो म्हणाला," आक्का म्हणाली.

"खर्च देतोय. आतापर्यंतचा. आणि खाली लिहिलंय की इमारतीच्या मालकाची कुठलीही चूक मान्य न करता देतोय, आणि तुम्ही यापुढे या इजेबद्दल कधीही, कुणाकडेही, काहीही मागणार नाही. उद्या पुन्हा ऑपरेशन लागलं तरी नाही. हात आयुष्यभर असाच राहिला तरी नाही."

"आणि सही नाही केली तर?" आईने विचारलं.

"तर तीन वाटा. एक, आपण नोटीस पाठवायची आणि सांगायचं, हे पुरेसं नाही, बसून बोलू. बऱ्याचदा तिथेच मिटतं. दोन, मध्यस्थ बसवायचा, दोघांना मान्य असेल असा. तीन, दावा. त्याला वेळ लागतो. वर्षं लागू शकतात, मी खोटं सांगणार नाही. आणि दाव्याला मुदत असते. आपली अजून संपलेली नाही, पण बसून राहायचं नाही. लाकूड बदलतं, माणसं गाव सोडतात."

"जिंकू?" खिळ्याने विचारलं.

"ते पुराव्यावर. चार गोष्टी दाखवाव्या लागतात. जिना नीट ठेवायची जबाबदारी मालकाची होती. त्याने ती पाळली नाही. म्हणून आक्का पडल्या. आणि पडल्यामुळे हे नुकसान झालं. चार पायांचं स्टूल समजा. एक पाय नसला तरी..."

"तीन पायांचं जास्त पक्कं बसतं," दादा म्हणाला. "चार पायांचंच डुगडुगतं."

"हं," वहिनी म्हणाली. "अकरा वर्षं मी हेच ऐकलं."

रकाना ७. घटनेचे वर्णन (पाच ओळींत)

१. दंतवैद्यांच्या दवाखान्यात बाहेर बसायच्या सहा खुर्च्या नव्याने विणायच्या होत्या, त्यांची मापं घ्यायला मी दुसऱ्या मजल्यावर गेले होते.

२. उतरताना उजव्या हाताने कठडा धरला, कारण डाव्या हातात मापांची वही होती.

३. वळणावरचा खांब मुळापासून हलला आणि कठड्यासकट बाहेर गेला, मी त्याच्यामागे गेले.

४. अकरा पायऱ्या. मी मोजल्या नाहीत, नंतर भावाने मोजल्या.

५. खाली पडले तेव्हा मनगट माझं आहे असं वाटत नव्हतं, आणि पाचच ओळी असल्यामुळे बाकीचं इथे मावत नाही.

रकाना ९. घटनास्थळात त्यानंतर काही बदल झाला आहे काय?

विमा कंपनीचा माणूस पाचऐवजी चारलाच आला. वहिनी तेव्हा वर होती, आईबरोबर हॉस्पिटलचे कागद आणि हाताच्या फोटोंची पाकिटं चाळत. ती खाली असती तर पुढचं घडलं नसतं, असं नंतर बाकीचे सगळे म्हणाले. फक्त आक्का म्हणाली, घडलं ते बरंच झालं.

गोरागोमटा, घामेजलेला, बोलायला गोड माणूस. त्याने ओल्या रंगाच्या स्टुलाकडे बघितलं आणि उभा राहणंच पसंत केलं.

"ताई, मी तुमच्या बाजूनेच आहे," तो म्हणाला. "पण खरं सांगू का? मालकांचं म्हणणं असं, की कठडा सैल कधी नव्हताच. म्हणून म्हटलं, आपण स्वतः बघू. काल गेलो. धरून हलवला, अंग टाकून बघितलं. हत्ती टेकला तरी हलायचा नाही! आता अशा कठड्यावरून कोणी पडलं म्हटलं, तर कोर्ट काय म्हणेल? पाय घसरला म्हणेल. चप्पल कुठली होती विचारेल."

"हलेल कसा?" खिळा म्हणाला. "मी बसवलाय."

बोललं गेलं. तोंडातून निघताना त्यात थोडी ऐटही होती, आणि ती खिळ्याला स्वतःलाच ऐकू आली.

दादाच्या हातातला पेला बाकावर ठेवला गेला. आक्काने धाकट्या भावाकडे बघितलं, लहानपणी तो काचेचं काही फोडून यायचा तेव्हा बघायची तसं.

"तुम्ही बसवला?" विमावाल्याने हळूच विचारलं. "कधी?"

"ती पडली त्याच दिवशी."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

विमावाल्याने खिशातून छोटी वही काढली आणि त्यात दोन ओळी लिहिल्या. लिहिताना त्याचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. चांगल्या माणसाच्या हातून आपलं काम सोपं झालं की होतो, तसा.

"मग बघा विचार करून," तो म्हणाला. "घटनेची जागा तुमच्याच भावाने उघडली आणि बदलली. मी पाचपर्यंत कोपऱ्यावरच्या हॉटेलात आहे. फोन करा."

रकाना ९, पुरवणी. केला असल्यास कोणी आणि का?

का, ते खिळ्याला त्या दिवशीही सांगता आलं नसतं.

हॉस्पिटलमधून तो आक्काची वही शोधायला त्या इमारतीत गेला. वही पायरीखाली होती. कठड्याचा खांब मधल्या वळणावर लोंबकळत होता. कुणीतरी त्याला सुतळीने भिंतीच्या नळाला बांधून ठेवलं होतं. तेवढ्यात वरून एक म्हातारे गृहस्थ आले, गालात कापूस, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी हात पुढे केला.

"धरू नका!" खिळा ओरडला. त्याने त्यांना हाताला धरून खाली नेलं. परत आला. मग एक बाई मुलाला घेऊन वर निघाली. तो पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा त्याने ओरडण्याऐवजी टेम्पोतून हत्यारं आणली.

या घरात सगळ्यांचंच असं. लोकांकडे जेवायला गेले तर हे टेबलाखाली हात घालून पाय तपासत. बाबांनी शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या पलंगाचं चाक घट्ट करून घेतलं होतं, नर्सला म्हणाले होते, नाहीतर मला झोप यायची नाही. सुटलेलं दिसलं की हात जातो. डोकं मागून येतं.

दोन तास लागले. कुजलेला भाग कापला, नवा सांधला, आत लोखंडी सळई घातली. कुणी विचारलं नाही. वॉचमनने चहा दिला.

"अक्कल कुठे ठेवली होतीस?" दादा आता ओरडत होता. "सगळा पुरावा तू स्वतःच्या हाताने... दोन महिने बोलला नाहीस!"

"मला काय माहीत तो पुरावा आहे? मला तो कठडा वाटला!"

"ओरडू नकोस त्याच्यावर," आक्का म्हणाली.

"तू त्याचीच बाजू घे. कायम घेतेस. मी म्हणत होतो, सही करून मोकळे होऊ या, तर मी वाईट. आता बघ. आता तर सहीशिवाय काही उरलंच नाही."

"तुला एवढी घाई का आहे रे सहीची? पहिल्या दिवसापासून?"

दादा बाकावरचा भुसा हाताने झाडू लागला. आवाज ऐकून वहिनी जिन्यावरून खाली आली, मागून आई. वहिनीने खिळ्याकडून सगळं ऐकून घेतलं. 

"झालं बोलून?" तिने शेवटी विचारलं. "मग सांग. काढलेलं लाकूड कुठे आहे?"

तिघा भावंडांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने विचारलं, जेवताना घास कुठे घालता.

"पिशवीत," खिळा म्हणाला.

रकाना १०. सादर केलेल्या वस्तू

वहिनीला या पिशव्यांचा एके काळी फार राग होता. दुरुस्तीत जे काही निघेल, तुटकी खुंटी, गंजका स्क्रू, कापलेला तुकडा, ते सगळं कागदी पिशवीत जायचं. पिशवीवर पेन्सिलीने तारीख आणि पत्ता. वस्तू गिऱ्हाइकाची, तर तिचा काढलेला भागही गिऱ्हाइकाचाच, तो परत द्यायचा, हा बाबांचा नियम. निम्मी गिऱ्हाइकं नको म्हणत, मग पिशव्या साठत. लग्नानंतर तिच्या पलंगाखाली चाळीस पिशव्या निघाल्या होत्या. तिने एक टाकून दिली, तेव्हा दादाने आठवडाभर अबोला धरला होता.

आता खिळ्याने आणलेल्या पिशवीकडे बघून ती हसायलाच लागली.

"काय झालं?" खिळ्याने घाबरून विचारलं.

"काही नाही. तारीख आहे वर. पत्ता आहे. तुझं अक्षर भयंकर आहे, पण वाचता येतंय." ती आता स्टुलावर बसली आणि उठली. "शी. आई, तुम्ही सांगितलं होतं तरी."

"राहू दे, गडद साडी आहे, दिसत नाही."

"ऐका," वहिनी म्हणाली. रंग लागलेला पदर तिने पुढे घेतला. "खिळ्याने केलं ते चुकलं. जागा तशीच ठेवून फोटो काढायला हवे होते, मालकाला लेखी कळवायला हवं होतं. ते आता होत नाही. पण हे लपवायचं नाही. समोरचा सांगण्याआधी आपण सांगायचं. कधी केलं, काय काढलं, काय घातलं, का. दवाखान्यात फोन घेते त्या बाईशी मी सकाळी बोलले. तिने मालकाच्या ऑफिसला तीन पत्रं दिली होती, कठडा हलतो म्हणून. नकला आहेत तिच्याकडे, पोच आहे. म्हणजे मालकाला माहीत होतं, आणि त्याने काही केलं नाही. आणि हे लाकूड एखाद्या जाणकाराला दाखवायचं. आपल्या घरातल्या नाही. बाहेरच्या."

"म्हणजे अजून होऊ शकतं?" आक्काने विचारलं.

"कठीण आहे. पण होऊ शकतं."

खिळ्याने तुकडा बाहेर काढला. खांबाचा बुडखा, एका बाजूने काळा, स्पंजसारखा. बोट लावलं की भुसा पडत होता. त्याच्या मधोमध खांब पायरीत पक्का धरणारी लाकडी खुंटी होती.

"इकडे दे," दादा म्हणाला.

त्याने तो तुकडा हातात घेतला, आणि वहिनीने त्याचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्याशी तिचा काही संबंध उरला नव्हता. तरी ती एक पाऊल पुढे गेली.

रकाना १२. अन्य कोणी व्यक्ती जबाबदार असल्यास

खुंटी दादाच्या आठवणीत होती तेवढीच होती. अर्धी.

आक्का कुठे पडली ते फोनवर कळलं, तेव्हाच त्याला ही खुंटी दिसली होती. हॉस्पिटलच्या बाकावर दिसली, रोज सकाळी कारखान्याचं कुलूप काढताना दिसली. आता ती हातात होती, आणि दिसण्यापेक्षा हातात असणं थोडं सोपं होतं.

"तो जिना आपण केलाय," दादा म्हणाला. "बाबांनी. एकतीस वर्षं झाली."

"हे माहीत आहे," आक्का म्हणाली. "म्हणून तर मी बिनधास्त हात टाकला."

ते वाक्य तिने सहज म्हटलं होतं. दादा खाली बसला, जमिनीवर, लाकडाच्या ढलप्यांत.

"वळणावरचा खांब बाबांनी मला बसवायला दिला. मी सोळा वर्षांचा. पहिल्यांदा एकट्याला काहीतरी दिलं. वीतभर खुंटी घालायची होती. माझ्याकडून ती फुटली, उभी फुटली. दुसरी कापायची तर त्यांना सांगावं लागलं असतं. मी फुटलेला भाग टाकला आणि अर्धीच बसवली. वरून सरस लावला, पॉलिश केलं. त्यांनी हात फिरवून बघितलं आणि म्हणाले, जमतंय तुला."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती.

"बाबांना कळलं होतं का, आई?" त्याने विचारलं.

"मला नाही माहीत," आई म्हणाली. "ते घरी येऊन लाकडाबद्दल बोलत नसत. जेवत असत."

"आक्का, मी..."

"थांब." आक्काने डोळे मिटले होते. "म्हणून तू दोन महिने इतका गोड वागतोयस? भाजी चिरून देतोस, औषधं आणतोस, माझ्या केसांना तेल लावायला शेजारणीला बोलावतोस? मला वाटलं, डॉक्टरांनी तुला एकट्याला काहीतरी सांगितलंय. मी मनातल्या मनात सगळ्यांची सोय लावून बसले होते!"

खिळ्याला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. दादा हसला नाही.

"आणि म्हणून सही," ती म्हणाली.

"म्हणून सही. कुणी खांब उघडू नये म्हणून. बाबांचं नाव..."

"बाबांचं नाव की तुझं?"

"माझं," दादा म्हणाला. "माझं."

वहिनीने त्याच्या हातातून तुकडा घेतला आणि खिडकीपाशी नेला. बराच वेळ ती तो उलटसुलट करत राहिली.

"मी सुतार नाही," ती म्हणाली. "पण अकरा वर्षं तुमच्यात राहिले. खुंटी कोरडी आहे. कुठे कुजलेली नाही. काळं पडलंय ते भिंतीकडून, बाहेरून आत. खिळ्या, तो नळ गळत होता का?"

"ठिबकत होता. मीच त्याला चिंधी बांधून आलो."

"तू नळसुद्धा...! बरं. जाणकार काय म्हणेल ते म्हणेल. कदाचित म्हणेल, पूर्ण खुंटी असती तर आणखी वर्षभर टिकला असता. कदाचित म्हणेल, काही फरक पडला नसता. समोरचा वकील मात्र पहिलंच म्हणेल, यांच्याच घराण्याचं काम, यांच्याच पोराने बिघडवलं, यांच्याच पोराने उघडलं. ते ऐकायची तयारी हवी. पण जिना एकतीस वर्षं ज्याच्या ताब्यात होता, तीन पत्रं ज्याला मिळाली, त्याने तो बघायला हवा होता. जबाबदारी वाटून जाते कधी कधी. ती वाटली गेली म्हणून आक्कांचा हक्क शून्य होत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?" दादाने विचारलं. "सही करून टाकली तर हे इथेच राहील?"

"इथेच राहील," वहिनी म्हणाली. तिने दादाकडे न बघता हे सांगितलं. "तोही एक मार्ग आहे. ठरवायचं आक्कांनी. तू नाही, मी नाही."

आक्काने पुन्हा मूठ वळून बघितली. तीन बोटं आली. मग ती म्हणाली, "फोन लाव रे खिळ्या."

पाचला सात मिनिटं कमी होती.

"मी बोलतेय," ती फोनवर म्हणाली. "हो, वेतकाम करणारी. तुमच्या कागदावर सही होणार नाही... नाही, रागावले नाही. तुमचं हॉटेलचं बिल फुकट गेलं त्याचं वाईट वाटतं. आमच्या वकिलांचं पत्र येईल... हो, भावाने उघडलं, ते लिहूच. आणखीही एक गोष्ट आहे, तीही लिहू. नीट वाचा म्हणावं मालकांना, या वेळी तरी."

रकाना १५. जबाब (स्वतःच्या हस्ताक्षरात)

खिळ्याचा जबाब वीस मिनिटांत झाला. त्यात सुतळीची जाडी आणि वॉचमनच्या चहाची चव होती, ती वहिनीने काढायला लावली. सुतळी राहिली, चहा गेला.

दादाला वेळ लागला. तो बाकाच्या टोकाला बसून लिहीत होता, आणि बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत असं दाखवत होते. आईने दिवा लावला. खरं तर अजून उजेड होता.

"दे," वहिनी म्हणाली. तिने वाचलं. दुसऱ्या पानावर ती अडली.

"हे नको."

"काय नको?"

"'माझ्या चुकीमुळे माझी बहीण पडली.' हे तू पाहिलेलं नाहीस, केलेलं नाहीस, हा निष्कर्ष आहे. जबाबात जे केलं आणि पाहिलं तेवढंच लिहायचं. आणि हे लिहिलंस तर मालक उद्या फक्त हेच एक वाक्य वाचेल."

"वाचू दे. ते खरं आहे."

"तुला वाटतं ते खरं आहे."

"तू मला वाचवू नकोस. तुझं ते काम नाही आता."

"मी माझ्या अशिलाला वाचवतेय, तुला नाही. माझी अशील तिथे बसलीय."

आक्का उठली. बाकाला वळसा घालून ती दादाच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि कागदावर वाकली. चष्मा नव्हता, तिने कागद लांब धरला.

"खोड," ती म्हणाली.

"आक्का, मी दोन महिने..."

"तू दोन महिने काय केलंस ते मला कळलंय. पण पडले मी. अकरा पायऱ्या मी पडले. कशामुळे ते सांगायचा पहिला मान माझा, मग जाणकाराचा, मग जज्जाचा. तुझा नंबर फार खाली लागतो. कुणीतरी तीन वेळा लिहून कळवलं आणि कुणीतरी तीनही पत्रं फाईलला लावून ठेवली, म्हणून मी पडले असं मला वाटतं. उद्या कुणी पटवून दिलं तर बदलेन मत. पण तुझं हे वाक्य माझ्या कागदात नको. खोड."

दादाने पेन उचललं. बराच वेळ ते वाक्यावर धरून बसला. मग त्याने एक सरळ रेघ मारली, पट्टी न घेता, आणि ती सरळच आली.

"शेजारी सही कर," वहिनी म्हणाली. "खोडलं तिथे सही लागते. नाहीतर म्हणतील, दुसऱ्या कुणी खोडलं."

त्याने सही केली.

"आता त्या जागी काय लिहू?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

आक्काने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"लिही," ती म्हणाली, "मी सोळा वर्षांचा होतो."